दाजींच्या झोपेचा खटला

सोमवारी कोर्टातून घरी आल्यावर दाजींनी खुंटीवरचे टाळ काढले, फडक्यात गुंडाळले आणि फडताळात मिठाच्या बरणीमागे ठेवून दिले. तेव्हाच कमळाबाईंनी ओळखलं, की या वेळचं दुखणं साधं नाही.

तीस वर्षांत ते टाळ त्या खुंटीवरून उतरले ते फक्त विठोबाच्या देवळात जाण्यासाठी. तापानं फणफणलेले असताना दाजी देवळात गेले होते, थोरल्या लेकीच्या लग्नात अंगाची हळद न पुसता गेले होते. पनवेलच्या बंदरापलीकडची ही घरतआळी खाडीला चिकटून वसलेली. इतर गावांत कीर्तन एकादशीला होतं. इथं पुनवेला आणि अवसेला. जुन्या माणसांनीच तशी रीत घालून दिली होती. उधाणाची भरती याच तिथींना, पाणी बांधाच्या डोक्याला लागायचं तेही याच रात्री. माणसं जागी राहावीत म्हणून दिवेलागणीला कीर्तन उभं करायचं, आणि कीर्तन आटोपलं की ज्याची पाळी असेल त्यानं बांधावर जायचं. देवाचं नाव आणि बांधाची राखण, दोन्ही एकाच दिव्यात.

दाजी टाळकऱ्यांत तिसऱ्या खांबाशी उभे राहायचे. उभे राहायचे आणि झोपायचे.

हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फक्त हे आपल्याखेरीज कुणाला ठाऊक नाही, अशी दाजींची प्रामाणिक समजूत होती. आणि ही समजूत सोमवारी भर कोर्टात, वैशंपायन वकिलांनी, चष्मा पुसता पुसता मोडली होती.

खटला बांधाचा होता. भादव्यातल्या पुनवेला पलीकडच्या मिठागराच्या शेठचा बांध फुटायला आला. आपला बांध वाचावा म्हणून शेठच्या माणसांनी मध्यरात्री घरतआळीच्या बांधाला खांड पाडली, आणि खारं पाणी आठ घरांच्या भातात शिरलं. ढग फाटून चांदणं पडलं होतं, त्या चांदण्यात कुदळी मारणारी दोन माणसं दाजींनी पाहिली होती. पाहिलेला माणूस तेवढा एकच. म्हणजे आठ घरांचा खटला दाजींच्या डोळ्यांवर उभा होता. आणि शेठचे वकील वैशंपायन ते डोळेच मिटवायला निघाले होते.

"नामदार साहेब," वैशंपायन म्हणाले होते, "हा साक्षीदार देवाच्या दारात, टाळ हातात धरून, उभ्या उभ्या झोपतो. कीर्तनात ज्याला झोप आवरत नाही, तो मध्यरात्री चिखलात जागा होता म्हणे! दाजी घरत, मला सांगा, कीर्तनात तुम्ही झोपता हे खरं की खोटं?"

कोर्ट हसलं. शिरस्तेदार हसले. पट्टेवाला तोंडावर हात धरून हसला. न्यायाधीशांनी खोकल्याचं निमित्त केलं. दाजी पिंजऱ्याचा कठडा धरून उभे राहिले आणि एक अक्षर बोलले नाहीत. तेवढ्यात पाच वाजले. साहेबांनी "उत्तर गुरुवारी" म्हणून कागद बांधले. बाहेर पडताना दाजी एवढंच म्हणाले, "त्या वकिलावर अब्रूनुकसानीचा दावा घातल्याबिगर मी देवळाची पायरी चढनार नाय. नि कोर्टाची बी."

आणि गुरुवारीच माघी पुनव होती.

मंगळवारी दुपारी जेवणं उरकली आणि घर भरायला लागलं. पहिला आला काशीराम, दाजींचा धाकटा भाऊ. तो बंदरावर मीठ तोलायच्या काट्याशी कारकून होता, आणि कारकुनाला कायदा आपोआपच येतो असं त्याचं मत होतं. त्याच्या काखेत कागदाची भेंडोळी होती. पाठोपाठ थोरली बहीण सखूबाई जासईहून आल्या. डोक्यावर वालाचं गाठोडं आणि तोंडात वैशंपायनांच्या सात पिढ्या.

"कुठं हाय तो मेला वकील?" उंबऱ्यातूनच त्यांनी विचारलं.

"पनवेलात हाय, त्याच्या घरी," कमळाबाई म्हणाल्या. "पाय धुवा आधी."

"माझ्या भावाला झोपाळू बोलतो? लहानपनी ह्यो दाजी अख्खी रात रडायचा. आमाला झोपू देत नव्हता, सोता काय झोपनार!"

दाजी ओटीवर पाठ करून बसले होते. पाठीलाही बरं वाटलं असावं, कारण ती जराशी सरळ झाली.

काशीरामानं घसा खाकरला. "दादा, मी मसुदा लिवून आनलाय. ऐक. 'आमचे अशिलाची समाजातील प्रतिष्ठा, नावलौकिक व धार्मिक वजन यांस सदर वकिलाचे वक्तव्यामुळे जबर धक्का...'"

"धार्मिक वजन म्हंजे रे काय?" सखूबाईंनी विचारलं. "ते बी तुझ्या काट्यावर तोलनार काय?"

"सखूबाय, कायद्याची भाषा हाय ती."

"भाषा असू दे. पन दाजीचं वजन लिवायचं तर खरं लिव. गेल्या साली होडीत बसला तवा होडी एका अंगाला झाली होती."

कमळाबाई चुलीपाशी वळून हसल्या. हसणं पदरात ठेवलं, कारण ओटीवरची पाठ पुन्हा वाकली होती.

तीनच्या सुमाराला ओगले वकील सायकलवरून आले. आठही घरांचे वकील तेच. धोतराला लावलेला चिमटा काढत ते ओटीवर टेकले. कमळाबाईंनी गुळाचा कोरा चहा दिला. ओगल्यांनी तो बशीत ओतला, फुंकर मारली आणि सरळ विषयाला हात घातला.

"दाजी, वकिलावर असा दावा टिकत नाही. कोर्टात उभं राहून, खटल्याच्या ओघात वकील जे बोलतो, त्याला कायद्याचं छत्र असतं. उद्या मीही शेठला चार शब्द सुनावणारच की."

"मंग छत्रासकट दावा घाला," दाजी भिंतीकडे बघत म्हणाले.

"आणि गुरुवारच्या साक्षीचं काय? तुम्ही आला नाहीत तर आठ घरांचा खटला गेला."

"आधी माझी अब्रू. मंग बांध."

काशीराम पुढे सरकला. "बरोबर हाय दादाचं. आज झोपाळू बोलला, उद्या चोर बोलंल."

"बोलंल काय, बोललाच समज!" सखूबाईंनी दुजोरा दिला. भाऊ आणि बहीण एका बाजूला झालेली पाहून कमळाबाईंना नवल वाटलं. बापाच्या बाराव्यानंतर या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

ओगले वकील हुशार माणूस. त्यांनी कोटाच्या खिशातून पेन काढलं, मांडीवर कागद घेतला. "ठीक आहे, घालू दावा. पण वैशंपायन पहिल्याच तारखेला म्हणणार, मी बोललो ते खरंच आहे. तेव्हा ते खोटं आहे असं शपथेवर सांगणारी पाच माणसं मला हवीत. पहिलं नाव?"

"काशीराम घरत!" काशीरामानं छाती पुढे काढली. "लिवा."

"छान. काय सांगाल? माझा भाऊ कीर्तनात कधीही झोपला नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे."

काशीरामाची छाती हळूहळू जागेवर आली. "आता बघा साहेब, मी बसतो पुढं. बुवांच्या तोंडाकडं बघत. माझ्या पाठीमागं टाळकरी काय करतात..."

"तू पुढं बघतोस?" सखूबाई उसळल्या. "कोन आलं, कोन नाय आलं, कोनाच्या अंगावर नवं लुगडं हाय, समदं मागं वळून बघत असतोस तू!"

"मंग तूच सांग ना साक्ष!"

"सांगते! लिवा वकीलसाहेब. सखूबाय बोलते, माझा भाऊ झोपत नाय."

"गीतेवर हात ठेवून सांगायचं हं, बाई."

सखूबाईंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तळहात उलटा केला, सुलटा केला. गळ्यातली तुळशीची माळ चाचपली. "गीतेवरच कशाला? कोर्टात दुसरं काय नसतं काय ठेवायला?"

"नसतं."

"मंग मी जासईला असते. मना कुठं इथलं कीर्तन मिळतं!" असं म्हणून त्या वाल निवडायला बसल्या, आणि भावा-बहिणीची युती दोन वालांच्या अंतरात मोडली.

त्याच वेळी गणू पखवाजी अंगणात उभा राहिला. गुरुवारच्या कीर्तनाला टाळकरी किती, हे विचारायला तो आला होता. ओगल्यांनी त्याला वर बोलावलं आणि तोच प्रश्न केला. गणू सरळ माणूस. त्याच्या मनात आडवं काहीच नसायचं, आणि हीच त्याची मोठी खोड होती.

"त्यात काय साहेब! बुवांनी पहिलं चरण उचललं की दाजीचं डोळं मिटतात. आरतीच्या आधी जयघोष असतो ना, तवा मी चुकून लागल्यागत हळूच कोपर मारतो. मंग दाजी जागा व्हतो नि समद्यांच्या वर आवाज काढतो. लई वर्सांची रीत हाय माझी."

"म्हणजे ते झोपतात?"

"झोपतात. पन टाळ चुकत नाय हां! ते लिवा. जागे टाळकरी चुकतात, पन दाजी झोपेत बी चुकत नाय."

सखूबाईंच्या सुपातून एक वाल घरंगळत गेला.

दाजी वळले. सोमवारनंतर पहिल्यांदाच त्यांनी घरातल्यांकडे तोंड केलं होतं. आधी त्यांनी गणूकडे पाहिलं, मग काशीरामाकडे, मग बहिणीकडे. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. जत्रेत हात सुटलेल्या मुलाचं तोंड होतं ते.

"म्हंजे समद्यांना ठावं होतं?"

काशीराम मसुद्याची सुरळी करू लागला.

"तीस वर्सं? तीस वर्सं मी तिथं उभा ऱ्हातो, नि तुमी समदी..."

"तीस नाय," स्वयंपाकघराच्या दारातून कमळाबाई म्हणाल्या. "चौदा."

दाजींनी बायकोकडे पाहिलं. मग ते उठले, वहाणा पायात न घालताच अंगण उतरून खाडीच्या वाटेला लागले.

"चौदा कशी?" ओगल्यांनी विचारलं.

काशीरामानं मान खाली घातली. सखूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. आकडा त्या दोघांनाही कळला होता. त्यांनी तो आजवर झोपेशी जोडला नव्हता इतकंच.

"आमचा मधला भाऊ होता, शिवा," सखूबाई म्हणाल्या. पुढचं सांग, असं त्यांनी कमळाबाईंना खुणावलं.

कमळाबाईंनी ते सांगितलं. सावकाश, हातातलं फडकं घडी करत.

"चौदा वर्सांमागली अवस. कीर्तन झालं. बांधाची पाळी ह्यांची होती. दिसभर मीठ वाहून अंग मोडलं होतं, म्हनून शिवाभावजींना बोलले, घटकाभर बघ, मी पाठ टेकून येतो. पाठ टेकली नि डोळा लागला. भरतीला खांड गेली. भावजी पेंढा घेऊन खांडीत उतरले. तिसऱ्या दिशी खाडीतल्या तिवरांच्या झाडीत सापडले." त्या थांबल्या. "तवापासनं उधानाच्या दिसांत हे रातचे घरात झोपले नाय, साहेब. कोनाची बी पाळी असू दे, हे बांधावर. घरात असले तरी एक कान पान्याकडं. ह्यांना कीर्तनात झोप का येते, ठावं हाय? तिथं समदा गाव जागा असतो. धा माणसांचे कान असतात. तेवढाच वेळ ह्यांचा कान सुटा होतो."

ओगले वकिलांची बशी हातातच राहिली होती. त्यांनी ती हळूच खाली ठेवली आणि मांडीवरचा कागद उलटा केला.

"वहिनी," ते म्हणाले, "वैशंपायन म्हणतात, कीर्तनात झोपणारा माणूस बांधावर जागा कसा असेल? तुम्ही मला सांगताय, तो बांधावर जागा असतो म्हणूनच कीर्तनात झोपतो. अहो, त्यांच्या प्रश्नातच आपली साक्ष आहे! दाजींनी गुरुवारी फक्त 'होय' म्हणायचं. पुढचं मी विचारतो. पण म्हणतील का ते?"

"विचारते," कमळाबाई म्हणाल्या, आणि नवऱ्याच्या वहाणा हातात घेऊन निघाल्या.

दाजी नव्या खांडीपाशी बसले होते. भादव्यातली ती खांड आता मातीनं बुजवली होती, पण ओल अजून वेगळी दिसत होती. ओहोटी होती. चिखलात बगळे पावलं मोजत फिरत होते.

कमळाबाईंनी वहाणा त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. "काटा बोचंल."

"वकिलाला सांगितलंस?"

"सांगितलं."

"मी शिवाला त्या पिंजऱ्यात नेनार नाय, कमळे. तिथं लोक हसतात."

"नका नेऊ. भावजींचं नाव घेऊ नका. विचारलं तेवढंच सांगा."

"काय सांगू? झोपतो म्हनून? मंग काय ऱ्हायलं माझं?"

कमळाबाई त्यांच्या शेजारी बसल्या. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, पण बांधावर दोघं शेजारी बसल्याचं त्यांना आठवेना.

"चौदा वर्सं समद्यांना ठावं होतं. हसले असतील, मी नाय म्हनत नाय. पन तुमच्या म्होरं कोन हसलं? कधी कोनी बोललं, दाजी, तिसरा खांब सोड, दुसऱ्याला उभा ऱ्हाऊ दे? गणू कोपर मारतो ते बी कसं, पखवाजाच्या आडून. बुवांना दिसू नये म्हनून. ह्याला तुमी अब्रू गेली म्हनता? मी तर म्हनते, ह्या गावानं तुमची अब्रू पांघरुनासारखी धरली."

दाजींनी एका पायात वहाण घातली.

"बुवांना बी ठावं हाय?"

"अवो, दादूबुवा तुमच्याकडंच तोंड करून असतात की!"

"विठ्ठला!" दाजी म्हणाले, आणि दुसरी वहाण घातली.

गुरुवारी कमळाबाई पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढल्या. सखूबाई बाजूला होत्या. त्यांनी येताना घरची छोटी पोथी पदराखाली आणली होती, कोर्टातल्या गीतेनं दगा दिला तर असावी म्हणून. काशीरामाच्या काखेत मसुदा होताच.

वैशंपायन वकील उठले. माणूस तसा देखणा, आवाज गोड. "दाजी घरत, सोमवारचा माझा प्रश्न उभा आहे. कीर्तनात तुम्ही झोपता, हे खरं की खोटं?"

दाजींनी कठडा धरला. कमळाबाईंना वाटलं, आता पुन्हा ओठ मिटणार.

"खरं हाय साहेब. झोपतो."

कोर्ट हसलं. वैशंपायन वाकून म्हणाले, "मला आणखी काही विचारायचं नाही," आणि खुर्चीत बसले.

ओगले उठले. "फेरतपासणीची परवानगी असावी. दाजी, का झोपता?"

"त्या दोन तासांत समदा गाव जागा असतो, साहेब. बांधाकडं ध्यान द्यायला धा माणसं असतात. म्हनून झोपतो."

"आणि कीर्तन संपल्यावर?"

"बांधावर असतो."

"पाळी तुमची नसली तरी?"

"तरी बी."

"किती वर्षं?"

"चौदा."

"भादव्यातल्या त्या पुनवेला?"

"तिथंच होतो. त्या दिशी कीर्तनात माझी झोप झाली होती." आता कुणीतरी हसलं, पण ते हसणं मघासारखं नव्हतं.

ओगल्यांनी आवाज खाली आणला. "चौदा वर्षं का, दाजी?"

कमळाबाईंनी डोळे मिटले. हा प्रश्न विचारू नका असं सांगायला त्या विसरल्या होत्या.

"एकदा निजलो होतो," दाजी म्हणाले, "म्हनून."

ओगले पुढचं न विचारता खाली बसले. न्यायाधीशांचा टाक तेवढा कुरकुरत राहिला. पट्टेवाला पनवेलचाच होता, शिवाची गोष्ट त्याला ठाऊक होती. त्यानं तोंडावरचा हात खाली घेतला. वैशंपायनांनी चष्मा काढला आणि तो पुसायचं विसरून नुसता हातात धरून बसले. निकाल पुढे वैशाखात लागला आणि शेठला बांध घालून द्यावा लागला. पण घरतआळीत विचाराल तर खटला त्याच घटकेला संपला होता असंच सांगतील.

बाहेर व्हरांड्यात वैशंपायन आपण होऊन दाजींपाशी आले. काशीरामानं मसुदा सरसावला.

"दाजी, माझ्यावर दावा घालणार होतात असं ऐकलं."

"घालनार होतो, साहेब. साक्षीदार नाय मिळाला."

वैशंपायन मोठ्यानं हसले, मग गंभीर झाले आणि त्यांनी हात जोडले. "मी पोटासाठी बोललो. पण बोललो ते हसवायला बोललो, एवढं चुकलंच माझं. आज कीर्तन आहे ना तुमच्याकडे?"

"पुनव हाय. येवा की."

येण्याचं आमंत्रण माणसं देतात आणि माणसं विसरतात. पण दिवेलागणीला देवळाच्या पायरीशी वैशंपायनांचे बूट दिसले, तेव्हा आळीत एकच कुजबुज झाली. दादूबुवांनी बुक्का लावला. कीर्तनाच्या आधी एकमेकांच्या पाया पडायची रीत, तिथं वय नाही, हुद्दा नाही. वैशंपायन रांगेत वाकत वाकत दाजींपाशी आले. दाजी त्यांच्या पायांकडे वाकले आणि ते दाजींच्या, आणि दोघांची डोकी मध्येच आपटली. गणू म्हणाला, "बरोबरीत सुटला खटला."

पखवाज बोलू लागला. आणि एकदा का वीणेची तार छेडली गेली, पखवाजाची थाप जमिनीतून पायांत चढली आणि बुवांनी पहिलं चरण उचललं, की मग देऊळ कितीही लहान असो, त्याला भिंती राहत नाहीत. दादूबुवांचा आवाज काही फार गोड नव्हता. होडी वल्हवणाऱ्याचा आवाज, थोडा खारा. पण नामाशी आला की तो असा विरघळायचा, की ऐकणाऱ्याला आपणच काहीतरी पुण्य केल्यासारखं वाटायचं.

त्या दिवशी मात्र बुवा तिसऱ्या चरणावर अडखळले. पुन्हा उचललं, पुन्हा अडखळले. काहीतरी टोचत होतं. टाळ एक मात्रा पुढे, एक मात्रा मागे. बुवांनी हात वर करून पखवाज थांबवला.

"कोन चुकतंय?"

सगळ्यांनी तिसऱ्या खांबाकडे पाहिलं. दाजी ताठ उभे होते. डोळे इतके फाडलेले, की समईची ज्योत त्यांत मावली असती. कपाळावर घाम.

"दाजी, आज काय झालं तुला?"

"बुवा," दाजी ओशाळून म्हणाले, "आज मी जागा हाय."

देऊळ असं हसलं, की दिवे हलले. सखूबाईंनी पदर तोंडात कोंबला. काशीराम मागे वळून वळून हसला. बुवा कंबरेवर हात ठेवून, समोरच्या विठोबासारखेच उभे राहून म्हणाले, "अरे मंग झोप की बाबा! आमचं कीर्तन कशाला मोडतोस?"

आणि दाजी हसले. सोमवारनंतर पहिल्यांदा; कमळाबाईंच्या हिशेबानं विचाराल तर चौदा वर्षांत पहिल्यांदा असे हसले. ते खांबाला टेकले. बुवांनी चरण पुन्हा उचललं. थोड्या वेळानं पापण्या मिटल्या, मान छातीवर आली, आणि टाळ ठेक्यावर आले. एक मात्राही इकडची तिकडे नाही.

कमळाबाई बायकांत बसल्या होत्या. त्यांचा एक कान बुवांकडे होता. दुसरा त्यांनी, नवऱ्याला न सांगता, खाडीकडे लावला होता.

जयघोषाची वेळ आली. गणूनं सवयीनं कोपर वर केलं. ते पुढे जाणार, तोच मागून एक हात आला आणि त्यानं ते कोपर अलगद धरलं. काळ्या कोटाचा हात. वैशंपायनांनी दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं आणि मान हलवली.

गणूनं बुवांकडे पाहिलं. बुवांनी तिसऱ्या खांबाकडे पाहिलं. मग त्यांनी दोन्ही हात उंच केले, रोजच्यासारखे, आणि घरतआळीनं, तीस वर्षं जिच्या आरोळीनं खाडीपलीकडची कुत्री भुंकायची त्या घरतआळीनं, त्या संध्याकाळी विठोबाचा जयघोष हळू आवाजात केला.